‘साठी’ या शब्दाने केलेला घोळ: प्राणी बदलतात की प्राण्यांची संख्या बदलते?

गवतपाखरू

भाचीच्या वहीतलं एक उत्तर वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. प्रश्न होता, ध्रुवीय अस्वल पांढरं का असतं? तिने लिहिलं होतं, ‘बर्फात लपता यावे यासाठी ध्रुवीय अस्वलाने पांढरा रंग धारण केला.’ बाजूला लाल शाईत बरोबरची खूण.

मला त्यातलं ‘यासाठी’ खटकलं आणि ‘धारण केला’ त्याहून जास्त खटकलं. अस्वलाने काहीही केलेलं नाही. कुठल्याही एका अस्वलाचा रंग त्याच्या गरजेपोटी बदलला नाही. पण आपण सगळे असंच बोलतो. ‘प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं’ हे वाक्य मीसुद्धा शंभरदा वापरलं असेल. माणूस नव्या घराशी जुळवून घेतो, नव्या नोकरीशी घेतो. तेच क्रियापद उत्क्रांतीला लावलं की असं वाटतं, प्राण्याला अडचण आली, त्याने प्रयत्न केला आणि तो बदलला. प्रत्यक्षात जे घडतं ते याच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मते कितीतरी अधिक थरारक आहे.

ज्यांच्यामुळे मला हे कळलं ते पक्षी म्हणजे गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर बेटावरचे फिंच. बेट अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, उजाड, ज्वालामुखीचं, मनुष्यवस्ती नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रांट हे दांपत्य 1973 पासून तिथे जाऊ लागलं. पक्षी पकडायचे, पायात रंगीत कडी घालायची, चोचीची लांबी, रुंदी, जाडी मोजायची, सोडून द्यायचे. हे वर्षानुवर्षं. बेटावरचा जवळजवळ प्रत्येक मध्यम आकाराचा फिंच त्यांच्या वहीत आकड्यांसकट होता.

1976 साली तिथे 127 मिलिमीटर पाऊस पडला होता. 1977 साली पडला 24 मिलिमीटर. झाडोरा वाळला, नवीन बी धरलंच नाही. बारीक, मऊ बिया पहिल्या काही महिन्यांत संपल्या. उरलं ते गोखरूच्या जातीतल्या एका वनस्पतीचं काटेरी फळ. त्या फळाचे लाकडासारखे टणक तुकडे होतात, प्रत्येकावर काटे, आणि आतल्या कप्प्यांत बिया. पक्षी तो तुकडा चोचीत धरतो, जोर लावून पिळतो, एखादी कड तुटते, मग आतली बी ओढून काढतो. जाड चोचीच्या पक्ष्याला हे जमतं. थोड्या बारीक चोचीचा पक्षी एक-दोनदा झटतो आणि सोडून देतो. हा ‘थोडा’ म्हणजे किती, तर मिलिमीटरचा अंश. आपण दोन्ही पक्षी हातात धरले तर आपल्याला फरक दिसणारही नाही.

दुष्काळ संपला तेव्हा दर सात पक्ष्यांतले सुमारे सहा गेलेले होते. माद्या आकाराने लहान, म्हणून त्या जास्त गेल्या. जगलेल्यांच्या चोचीच्या जाडीची सरासरी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त निघाली.

आता इथे नीट थांबा. एकाही पक्ष्याची चोच वाढलेली नाही. पूर्ण वाढ झालेल्या फिंचच्या चोचीचा आकार ठरून गेलेला असतो. बदलली ती सरासरी, आणि ती बदलली कारण बारीक चोचीचे आकडे यादीतून गळले. पुढच्या हंगामात पिल्लं झाली ती उरलेल्यांची. चोचीची जाडी आई-बापांकडून मोठ्या प्रमाणात पिल्लांत उतरते, म्हणून पिल्लंही जाड चोचीचीच निघाली. दुष्काळाने एकही जाड चोच घडवली नाही, त्या सगळ्या 1976 मध्येच बेटावर उडत होत्या. चांगल्या पावसाच्या वर्षात त्यांचं कुणाला काही विशेष वाटलं नसतं.

मला एवढंच म्हणायचं आहे: नैसर्गिक निवड नवं काही बनवत नाही, ती असलेल्यातून गाळते. म्हणून असलेल्यात फरक किती आहे, यावर सगळं अवलंबून आहे. इथे जीवशास्त्र शिकलेले, शिकवणारे बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं? आणि हे मुलांना सांगताना तुम्ही कोणते शब्द वापरता?

---

मागचा बाक

धागा आवडला. फिंचचं एवढं सविस्तर पहिल्यांदाच वाचलं.

एक शंका. ‘निवड’ हा शब्दच मुळात घोळ घालणारा नाही का? निवड म्हटलं की निवडणारा आला. मी कितीतरी वर्षं असं समजत होतो की निसर्ग नावाचं काहीतरी आहे आणि ते बघून ठरवतं, हा ठेवू, हा नको.

---

गवतपाखरू

शंभर टक्के सहमत. डार्विनने 1859 साली हा शब्द पशुपालक आणि कबुतरं पाळणारे लोक करतात त्या निवडीवरून उचलला होता. तिथे निवडणारा माणूस खरंच असतो. निसर्गात तसा कुणी नाही. मी हल्ली ‘चाळणी’ म्हणते. चाळणीला काही हवं-नको नसतं. भोकं जेवढी, तेवढं खाली पडतं. आणि भोकांचा आकार दर वर्षी बदलू शकतो, हे चाळणीच्या उपमेत छान बसतं.

---

वर्गशिक्षिका

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. लाल शाईची ती खूण माझीही असू शकली असती, त्यामुळे मनाला लागलं. मुलं ‘साठी’ लिहितात कारण आम्ही ‘साठी’ बोलतो. ‘उंटाला वाळवंटात राहण्यासाठी...’ अशीच आमची वाक्यं सुरू होतात.

मुलांची खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे असा माझा अनुभव आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर एक प्राणी असतो. पाठ्यपुस्तकात एका जातीचं एकच चित्र असतं, म्हणजे एक चिमणी, एक बेडूक. त्यामुळे ‘चिमणी बदलली’ म्हटलं की त्या चित्रातली चिमणी बदलली असं त्यांना वाटतं. तीनशे चिमण्यांचा थवा आणि त्यातली प्रत्येक थोडी वेगळी, हे चित्र आम्ही कधी दाखवतच नाही.

चिमण्यांवरून आठवलं. 1898 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे मोठं हिमवादळ झालं. हर्मन बम्पस या प्राध्यापकांकडे 136 अर्धमेल्या चिमण्या आणल्या गेल्या. 72 जगल्या, 64 मेल्या. त्यांनी सगळ्यांची मापं घेतली, मेलेल्यांचीही, आणि ते सगळे आकडे छापून ठेवले. त्यावर अभ्यासक आजही नव्याने हिशोब करतात. नरांमध्ये आणि माद्यांमध्ये चित्र अगदी सारखं नाही, पण माद्यांच्या बाबतीत फार मोठ्या आणि फार लहान अशा दोन्ही टोकांच्या चिमण्या जास्त मेल्या, मधल्या टिकल्या. म्हणजे चाळणी दर वेळी एकाच बाजूला ढकलते असं नाही. कधीकधी ती दोन्ही कडा कापते, सरासरी जागच्या जागी राहते, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतं की काहीच घडलं नाही.

---

उलटतपासणी

थोडा विरोधी सूर लावतो. ‘बळी तो कान पिळी’ हे तर आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतातच. त्यात नवीन काय? जोरदार जगतो, दुबळा मरतो.

दुसरं म्हणजे, इंग्लंडमधल्या काळ्या पतंग-कीटकांचं ते प्रसिद्ध उदाहरण खोटं ठरलं असं मध्यंतरी वाचलं होतं. फिंचच्या बाबतीत तसं होणार नाही कशावरून?

---

शिंपला_९

आधी पतंगांबद्दल, कारण या विषयावर अर्धवट माहिती खूप फिरते आणि मला ते मनापासून टोचतं.

इंग्लंडमधला हा पतंग मूळचा पांढुरका, त्यावर काळी नक्षी. मँचेस्टरमध्ये काळा पतंग 1848 साली नोंदवला गेला. 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. कारखान्यांच्या धुराने झाडांवरचं दगडफूल मेलं होतं, खोडं काजळली होती. 1950 च्या दशकात केटलवेल यांनी प्रयोग करून दाखवलं की पक्षी उठून दिसणारे पतंग जास्त टिपतात. त्यांच्या प्रयोगांवर टीका झाली आणि ती रास्त होती. पतंग खोडावर माणसाने ठेवले होते, दाटीने ठेवले होते. ते नैसर्गिकपणे कुठे बसतात हे तेव्हा नीट माहीत नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असं सांगितलं जातं. पण मायकेल मॅजेरस यांनी ही टीका मनावर घेतली. 2001 ते 2007 या काळात केंब्रिजमध्ये त्यांनी 4864 पतंग सोडले. आधी झाडांवर चढून पतंग खरोखर कुठे विसावतात ते पाहिलं, मग नैसर्गिक प्रमाणात सोडले आणि पक्ष्यांनी कोणते खाल्ले याच्या नोंदी केल्या. हवा तोवर स्वच्छ झाली होती, म्हणून आता काळे जास्त खाल्ले जात होते. 2009 मध्ये ते गेले. निष्कर्ष त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केले. आणि काळा रंग नेमक्या कोणत्या जनुकातल्या बदलाने येतो, हे 2016 मध्ये सापडलं. तेव्हा उदाहरण खोटं ठरलं नाही, उलट पूर्वीपेक्षा पक्कं झालं.

आता ‘बळी तो कान पिळी’. हवाईतल्या काउआई बेटावरचे रातकिडे घ्या. नर पंख घासून आवाज काढतो, मादी त्या आवाजावर येते. पण एक माशीही त्याच आवाजाच्या रोखाने येते आणि त्याच्या अंगावर अळ्या सोडते. अळ्या शरीरात शिरून त्याला आतून खातात. तिथे असे नर दिसू लागले ज्यांच्या पंखांवरची आवाज काढणारी रचना सपाट झाली होती. गाता न येणारे नर! वीसेक पिढ्यांच्या आत बहुतेक नर मुके झाले. हे मुके नर एखाद्या गाणाऱ्या नराच्या जवळ जाऊन बसतात आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेत गाठतात.

यात बळी कोण? खणखणीत गाणारा नर ती माशी नसलेल्या कुठल्याही बेटावर सरस ठरला असता. इथे तो माशीला आपला पत्ता सांगत होता. ‘चांगलं’ असं प्राण्यात काही नसतं, ते त्या जागेत आणि त्या वेळेत असतं.

---

उलटतपासणी

पतंगांबद्दल माझी माहिती अर्धीच होती, हे मान्य. मॅजेरस यांचं काम माहीत नव्हतं. रातकिड्यांनी तर माझ्या म्हणीचा पायाच काढून घेतला.

मग पुढचा प्रश्न. चाळणी दर पिढीला गाळत असेल, तर एव्हाना सगळे एकसारखे व्हायला हवे होते. फरक संपत कसा नाही?

---

काचपेटी

हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी बारा वर्षं गप्पी मासे पाळते आहे.

गप्पीचे नर तुम्ही पाहिले असतील. नारिंगी, निळे, काळे ठिपके, आणि दोन नरांची नक्षी सहसा जुळत नाही. मूळ गप्पी त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ओढ्यांतले. त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर यांनी पाहिलं की ज्या पाण्यात मोठे भक्षक मासे आहेत तिथले नर फिकट, कमी ठिपक्यांचे. धबधब्याच्या वर, जिथे ते भक्षक पोचत नाहीत, तिथले नर भडक. कारण मादीला भडक नर आवडतो आणि भक्षकालाही तो चटकन दिसतो. दोन ओढ एकमेकांविरुद्ध. त्यांनी कृत्रिम तळी करून तपासलं तर भक्षक सोडलेल्या तळ्यात काही पिढ्यांत ठिपके कमी होत गेले, बिनभक्षकाच्या तळ्यात वाढत गेले.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच गोष्टीत आहे. गप्पीच्या मादीला दुर्मीळ नक्षीचा नर जास्त आवडतो. नक्षी दुर्मीळ तोवर तिला भाव. ती सर्वत्र झाली की भाव उतरतो आणि दुसरी कुठली तरी दुर्मीळ नक्षी वर येते. त्यामुळे कुठलीच कायमची जिंकत नाही. याचं सगळ्यात देखणं उदाहरण टांगानिका सरोवरातल्या खवलेखाऊ माशाचं आहे. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. काहींचं तोंड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे. एका बाजूला वळलेला मासा भक्ष्याच्या एकाच कुशीवर हल्ला करतो. डाव्या तोंडाचे फार वाढले की भक्ष्य मासे त्या कुशीकडे जास्त सावध राहतात, उजव्या तोंडाच्यांचं फावतं, त्यांची पिल्लं वाढतात, मग पुन्हा उलटं. मिचिओ होरी यांनी 1993 मध्ये हे मांडलं. प्रमाण निम्म्या-निम्म्याच्या आसपास झुलत राहतं.

आणि एक घरची गोष्ट. माझी पहिली पेटी मी एकाच जोडीपासून भरली होती. सुरुवातीला शेकड्याने पिल्लं. काही पिढ्यांनी वाकड्या कण्याची पिल्लं निघू लागली. मी पाणी बदललं, खाद्य बदललं, औषधं आणली. एका संध्याकाळी पेटीसमोर बसून मोजलं तर वीसातली चार वाकडी. एक पिल्लू पोहताना सारखं एका अंगावर कलत होतं, सावरत होतं, पुन्हा कलत होतं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. ज्यांच्याकडून मासे घेत असे त्यांनी सांगितलं, औषध थांबवा, बाहेरचे नर आणा. आणले. पुढच्या पिढ्यांत वाकडी पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झाली.

---

वर्गशिक्षिका

काचपेटी, तुमची पेटी म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडातल्या पँथरची (म्हणजे तिथल्या प्यूमाची) छोटी आवृत्ती. तिथे वीस-तीसच उरले होते, सगळे एकमेकांचे नातलग. शेपट्या मुडपलेल्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. 1995 मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पाच माद्यांना पिल्लं झाली. संख्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली आणि ते दोष कमी झाले.

उलटतपासणी यांच्या प्रश्नाला मी एक जोड देते. डार्विनला याच प्रश्नाने छळलं होतं. तेव्हाची समजूत अशी की आई-बापांचे गुण दोन रंगांसारखे मिसळतात. तसं असतं तर दर पिढीला फरक निम्मा झाला असता आणि चाळणीला गाळायला काही उरलंच नसतं. मेंडेलने 1866 मध्ये छापलेल्या कामात उत्तर होतं, पण ते फार थोड्यांनी वाचलं. जनुकं रंगांसारखी मिसळत नाहीत, पत्त्यांसारखी पिसली जातात. पत्ता कितीही वेळा पिसला तरी तो बदामाचा बदामाचाच राहतो. दोन पिढ्या हातात न आलेला पत्ता तिसऱ्या पिढीत येतो. आणि अधूनमधून एखादा पत्ता नकलताना चुकतो, तिथून नवा पत्ता येतो. गरज आहे म्हणून तो येत नाही, नुसता येतो.

---

मागचा बाक

हत्तींचं कुणीच कसं लिहिलं नाही? बिनसुळ्याच्या हत्तिणी वाढल्या असं ऐकलं होतं. तिथेही ‘शिकारीपासून वाचण्यासाठी हत्तींनी सुळे टाकले’ अशीच बातमी होती. आता ती वाचताना ‘साठी’ डोळ्यांत खुपेल.

---

शिंपला_९

मोझांबिकमधलं गोरोंगोसा. 1977 ते 1992 यादवी युद्ध चाललं. सैन्यांनी सुळ्यांसाठी हत्ती मारले, 90 टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. युद्धाआधी 18.5 टक्के माद्या बिनसुळ्याच्या होत्या, युद्धानंतर 50.9 टक्के. हा 18.5 चा आकडा विसरू नका. बिनसुळ्याच्या हत्तिणी आधीपासून होत्या. बंदुकीने त्यांना वगळलं, एवढंच.

2021 मध्ये आलेल्या अभ्यासात जी गोष्ट कळली ती मला फार अस्वस्थ करते. सुळे नसण्याचं मूळ एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे दोन एक्स, एक बदललेला असला तरी दुसऱ्यावर ती जगते, फक्त सुळे येत नाहीत. नराकडे एकच एक्स. बदललेला त्याच्या वाट्याला आला तर तो जन्मालाच येत नाही. म्हणून बिनसुळ्याचे नर तिथे दिसत नाहीत, आणि अशा हत्तिणींच्या पिल्लांत मुली सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे जो फरक बंदुकीपासून वाचवत होता तोच अर्धे मुलगे गर्भात घेत होता. कुणी विचार करून हा उपाय निवडला नसता. पण चाळणी विचार करत नाही.

युद्ध संपल्यावर जन्मलेल्या माद्यांत बिनसुळ्याच्या सुमारे एक तृतीयांश आहेत. युद्धाआधीपेक्षा जास्त, युद्धातून वाचलेल्यांपेक्षा कमी.

---

गवतपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘चांगलं हे जागेत आणि वेळेत असतं’ याला जोडून डॅफ्नेवर पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण मूळ पोस्टमध्ये मी गोष्ट अर्ध्यावर सोडली.

1983 मध्ये एल निनोमुळे तिथे धो धो पाऊस झाला. वेली माजल्या, बारीक बियांचा सुकाळ झाला. पुढच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले आणि सरासरी उलटी फिरली. ते अपेक्षितच. खरी गंमत 2004-05 ची. पुन्हा तीव्र दुष्काळ, पुन्हा बारीक बी संपलं, पुन्हा तेच काटेरी फळ उरलं. 1977 चा अनुभव पाहता जाड चोचीचे टिकायला हवे होते. झालं उलटं. जाड चोचीचेच जास्त मेले, आणि सरासरी चोच बारीक झाली.

कारण मधल्या काळात, 1982 पासून, बेटावर दुसरी जात येऊन स्थिरावली होती, मोठा भू-फिंच. ते फळ तो सहज फोडतो. त्याने काटेरी फळांचा फडशा पाडला. आमच्या मध्यम फिंचमधले जे जाड चोचीचे होते ते नेमके त्याच फळासाठी त्याच्याशी भिडले आणि हरले. बारीक चोचीचे उरल्यासुरल्या बारीक बियांवर कसेबसे तगले.

1977 च्या दुष्काळात बारीक चोचीचे सगळेच्या सगळे मेले असते, तर 2005 मध्ये त्या बेटावर या जातीचं काय झालं असतं, हा विचार मी बरेच दिवस करते आहे.

---

वर्गशिक्षिका

हे वाचून ठरवलं. वर्गात गोगलगाईंचे रिकामे शंख नेणार आहे, एकाच जातीचे, एकाच ठिकाणचे, तीस. प्रत्येकाला एक शंख आणि एक मोजपट्टी. रुंदी मोजायची आणि फळ्यावर येऊन लिहायची.

दर वर्षी मी अशा प्रयोगात लगेच सरासरी काढायला लावते आणि बाकीचे आकडे पुसते. या वेळी तीसही आकडे तासभर फळ्यावर राहू देणार.